आपला हिरो ऑल-स्टार काऊन नाही?

या खेपेला क्रिकेटचे प्रश्न बाजूला ठेवले. बेसबॉल-सॉफ्टबॉलवाल्यांची पत्रं बऱ्याच दिवसांपासून साचून राहिली होती अन् जवळजवळ सगळ्यांचं दुखणं एकच, की निवड होते कशी अन् आमचा माणूस सुटला कसा. ऑल-स्टार म्हणजे अमेरिकेच्या बेसबॉलमधल्या अमेरिकन अन् नॅशनल या दोन लीगच्या निवडक खेळाडूंची दर वर्षीची मॅच. तर घ्या.

प्रश्न : भाऊ, मी पुसद तालुक्यातला, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला हाय. मोबाईलवर अमेरिकेचा बेसबॉल पाहतो. माझी टीम पिट्सबर्ग पायरेट्स, काऊन की आपल्या देशातले रिंकू सिंग अन् दिनेश पटेल २००८ मध्ये याच टीमनं घेतले होते. २०२५ च्या ऑल-स्टारमध्ये माझ्या टीमचा एकटा पॉल स्कीन्स गेला. ओनील क्रूझ एवढा जोरात मारते, बेस चोरते, त्याले काऊन नाही घेतलं? अन् स्कीन्सचा रेकॉर्ड तर तेव्हा ४ विजय, ८ पराभव होता, मग तो कसा काय बसला?

उत्तर : आधी बाकीच्या वाचकांसाठी सांगतो, हा रिंकू सिंग वेगळा, केकेआरवाला नाही. हे दोघं उत्तर प्रदेशातले भालाफेकवाले, पिचिंगच्या (बॉल टाकायच्या) स्पर्धेतून निवडले गेले होते.

आता क्रूझ. तू प्रश्न विचारून राहिला की पायरेट्समध्ये चांगला कोण, अन् ऑल-स्टारचा प्रश्न तो नाहीच बाबा. तिथं विचारतात की नॅशनल लीगच्या १५ टीममध्ये त्या जागेवर चांगला कोण. क्रूझ खेळतो सेंटर फिल्डला (मागच्या मैदानात, आउटफिल्डला, मधोमध), म्हणजे त्याची गाठ आपल्याच टीमच्या कॅचरशी नाही, १४ दुसऱ्या टीमच्या आउटफिल्डरांशी हाय. शिकागो कब्जचा पीट क्रो-आर्मस्ट्राँग घे, तोही सेंटर फिल्डचाच. २०२५ च्या पूर्ण सीझनमध्ये क्रूझचे होमरन (बॉल मारून मैदानाबाहेर) २० अन् चोरलेले बेस (हिट नसताना पळून गाठलेले) ३८, क्रो-आर्मस्ट्राँगचे होमरन ३१ अन् बेस ३५. वरून क्रूझचं बॅटिंग अ‍ॅव्हरेज .२००, म्हणजे पाच वेळा बॅट घुमवायला उभा राहिला तर एकदा हिट. फिल्डिंगचं तर बोलूच नको, क्रो-आर्मस्ट्राँग ज्या बॉलच्या मागं पळतो तो बहुतेक त्याच्या ग्लोव्हमध्येच जातो. मग कोणाला नेशील तूच सांग.

क्रूझ २०२५ च्या ऑल-स्टारला अटलांटाला गेला होता बरं का, पण होमरन डर्बीसाठी, म्हणजे नुसते होमरन मारायच्या स्पर्धेसाठी, अन् तिथं त्यानं एक बॉल ५१३ फूट मारला. लोकं तेच पाहून म्हणतात की याला नाही घेतलं म्हणजे अन्याय झाला. पोळ्याच्या तोरणाखाली झूल-बाशिंगातली जोडी बक्षीस घेऊन जाते, म्हणून वखरालाही तीच पुढं राहील असं कोणता शेतकरी म्हणते? डर्बीचं तसंच, तिथं बॉल टाकणारा आपलाच माणूस असतो अन् त्याला तू मारावाच असं वाटत असतं.

स्कीन्सचं उलटं. पिचरच्या नावापुढं जो विजय-पराभव लिहिलेला असतो तो अर्धा त्याचा अन् अर्धा त्याच्या बॅट्समनांचा, अन् पायरेट्सची बॅटिंग त्या वर्षी अशी होती की पोरगा सहा-सात इनिंग रन न देता काढायचा अन् ह्यांच्याकडून दोन रन निघायचे नाहीत. पिचरचं पाहायचं तर ईआरए पाहा : स्वतःच्या चुकीनं दिलेले रन गुणिले ९, भागिले टाकलेल्या इनिंग. फिल्डरानं बॉल सोडला म्हणून गेलेले रन त्यात मोजत नाहीत. स्कीन्सचा ऑल-स्टारच्या वेळेला होता २.०१, म्हणजे पूर्ण ९ इनिंगची मॅच टाकली असती तर दोन रन. वर्षाच्या शेवटी त्याचा रेकॉर्ड झाला १० विजय १० पराभव, ईआरए १.९७, अन् त्याच आकड्यांवर त्याला साय यंग अवॉर्ड मिळाला, तोही एकमतानं. १०-१० वाला पिचर लीगमधला सगळ्यात भारी, हे मत देणाऱ्यांना समजलं.

बॅट्समनमध्ये मी काय पाहतो ते सांगतो, ज्याला पटलं त्यानं घ्यावं. आरबीआय (आपल्या हिटवर आलेले रन) सगळ्यात शेवटी पाहतो, काऊन की तुझ्या आधीचे दोघं बेसवर असले तर तुझा साधा हिट पण रन आणते अन् ते आउट झालेले असले तर तुझी तेवढीच मेहनत वाया. पहिले पाहायचं की माणूस बेसवर किती वेळा पोचते, वॉक (चार वाईट बॉलवर मिळालेला फुकट बेस) घेऊन का होईना, मग पाहायचं बॅटिंगच्या दर संधीमागं हिटवर किती बेस घेते. या दोघांची बेरीज म्हणजे ओपीएस, ०.९०० च्या वर असला तर त्याचं नाव चर्चेत आलंच पाहिजे, ०.७२० च्या आसपास म्हणजे चारचौघांसारखा. पण शॉर्टस्टॉपचा (सेकंड अन् थर्ड बेसच्या मधला फिल्डर) ०.८०० अन् फर्स्ट बेसवाल्याचा ०.८०० सारखा मोजायचा नाही, शॉर्टस्टॉप जे फिल्डिंगचं ओझं उचलते ते फर्स्ट बेसवाला उचलत नाही. अन् कोलोरॅडोवाल्यांचे घरचे होमरन जरा कमी करून वाचायचे, डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच हाय, हवा पातळ, बॉल दूर जाते. वॉर नावाचा एक आकडा हे सगळं एकत्र करून देतो, चांगला हाय, पण अर्ध्या सीझनमध्ये एकाचा २.६ अन् दुसऱ्याचा २.४ म्हणून भांडायला लागू नये, तेवढ्या फरकाला काही अर्थ नसतो.

अन् एक, किती खेळला ते पाहा. आपल्या विदर्भाकडून करुण नायरनं २०२४-२५ च्या विजय हजारेत ७७९ रन काढले, पाच शतकं, अ‍ॅव्हरेज ३८९.५०. आता ३८९ कोणाचं अ‍ॅव्हरेज असते का बाप्पा? पूर्ण स्पर्धेत तो दोनदाच आउट झाला म्हणून भागाकार तसा आला. बॅटिंग जबरदस्तच होती, त्यावर तो भारताच्या टेस्ट टीममध्ये परत आला, पण मोजायचं ते ७७९ अन् पाच शतकं, ३८९ नाही. बेसबॉलमध्ये हाच घोळ २०२५ मध्ये मिलवॉकीच्या जेकब मिसिओरोव्स्कीचा झाला. पोरगा ताशी शंभर मैलाच्या वर टाकतो, पाहायला मजा येते, पण तेव्हा त्याच्या नावावर फक्त पाच मॅच होत्या अन् बदली म्हणून त्याला ऑल-स्टारमध्ये घेतलं. फिलाडेल्फियाचे खेळाडू उघड नाराज झाले, त्यांचे पिचर एप्रिलपासून राबून राहिले होते. मी असतो तर नसता घेतला. २०२४ मध्ये स्कीन्स पण ११ मॅचवरच गेला होता, ते मला चाललं असतं, आता पाच अन् अकरामध्ये रेघ कुठं मारायची ते ज्याचं त्यानं ठरवावं.

प्रश्न : दारव्हा तालुका. आमच्या गावच्या मंडळाची टीम पोट्टे व्हॉट्सअ‍ॅपवर पोल टाकून निवडू म्हणतात. अमेरिकेत पण लोकंच मतं देतात ना, मग काय बिघडलं?

उत्तर : काय बिघडते ते सिनसिनाटीला विचारा. १९५७ मध्ये तिथल्या पेपरनं आधीच नावं भरलेल्या मतपत्रिका छापल्या, लोकांनी फक्त कापून पाठवायच्या. नॅशनल लीगच्या आठ जागांपैकी सात जागी सिनसिनाटी रेड्सचे खेळाडू निवडून आले, एकटा स्टॅन म्युझियल तेवढा फर्स्ट बेसला वाचला. कमिशनर (अमेरिकेच्या बेसबॉलचा प्रमुख) फोर्ड फ्रिकनं शेवटी दोघांना सुरुवातीच्या टीममधून काढून तिथं बेसबॉलचे दिग्गज विली मेज अन् हँक अ‍ॅरन टाकले. विचार करा, मतं मोजून मेज अन् अ‍ॅरन बाहेर बसत होते! मग लोकांचा मताधिकारच काढून घेतला, तो परत मिळाला थेट १९७० मध्ये.

अन् हे कागदाच्या जमान्यातलंच हाय असं समजू नका. २०१५ ला मतदान ऑनलाइन झालं तर कॅन्सस सिटी रॉयल्सचे आठ खेळाडू एकदम पुढं, लीगला सहा कोटीच्या वर मतं रद्द करा लागली. शेवटी त्यांचे चार निवडून आले, ते मात्र खरंच चांगले होते, त्याच वर्षी रॉयल्सनं वर्ल्ड सिरीज (दोन लीगच्या विजेत्यांची फायनल) जिंकली.

म्हणून आता तिथं लोकं फक्त सुरुवातीला उतरणारे बॅट्समन निवडतात, तेही दोन फेऱ्यांमध्ये. पिचर अन् राखीव खेळाडू बाकीचे खेळाडू अन् कमिशनरचं ऑफिस मिळून ठरवतात. पिचरवर लोकांना मत का नाही? काल टाकला तर आज टाकू शकत नाही, म्हणून कोणता मोकळा हाय कोणता नाही ते ऐनवेळी पाहून ठरवा लागते. तुमच्या मंडळात पोल घ्यायचाच असला तर जर्सीच्या रंगाचा घ्या. टीमसाठी घेतला तर ज्याच्या घराण्याचे मोबाईल जास्त तो कॅप्टन होईल, लिहून ठेवा.

प्रश्न : सर, मी मंगरूळपीर तालुक्यातल्या एका शाळेत क्रीडा शिक्षक आहे. आमच्या जिल्ह्याच्या बेसबॉल टीमची निवड चाचणी आहे आणि निवड समितीत माझं नाव टाकलंय. पोरं बहुतेक सॉफ्टबॉल खेळलेली किंवा सरळ क्रिकेटमधून आलेली. एका शाळेची पोरं खूपच चांगली आहेत, पण बाकीच्या शाळांचं म्हणणं की अमेरिकेत जसा दर टीमचा एक तरी खेळाडू घेतात तसा इथंही दर शाळेचा एक घ्या. संस्थेच्या लोकांचे फोन सुरू झालेत. काय करू?

उत्तर : सर, तो नियम तिथं का हाय ते पाहा, मग फोनवाल्यांना उत्तर देता येईल. तिथं ३० टीम, दोन लीग, दर लीगचे ३२ खेळाडू, अन् मॅच दाखवायची. पहिली मॅच ६ जुलै १९३३ ला शिकागोत झाली तीच मुळी तिथल्या जागतिक प्रदर्शनासोबत, आर्च वॉर्ड नावाच्या क्रीडा संपादकाच्या डोक्यातून निघालेली. देशभरच्या लोकांनी पाहावी म्हणून दर गावचा एक माणूस त्यात पाहिजे, एवढाच हिशोब. त्यातही दुबळ्या टीमचा माणूस दर वेळेला मेहेरबानीनंच जातो असं नाही, २०२४ ला शिकागो व्हाइट सॉक्स १२१ मॅच हरले, आधुनिक काळात एका सीझनमधले सगळ्यात जास्त पराभव, पण त्यांचा पिचर गॅरेट क्रोशे आपल्या पिचिंगच्या जोरावर गेला. नियमाचा फटका बसते तो तगड्या टीमच्या चौथ्या-पाचव्या चांगल्या खेळाडूला, पण ३२ मध्ये तेवढं खपून जाते.

तुमची टीम दाखवायला चालली नाही, राज्य स्पर्धेला जिंकायला चालली. तिथं कोटा लावला तर पहिल्याच मॅचला पहिल्या इनिंगमध्ये समजून येईल. अन् पालकांचा जीव का तुटते तेही मला माहीत हाय, सर्टिफिकेटवर दहावी-बारावीचे वाढीव मार्क असतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण हाय, म्हणजे नाव आलं-गेलं यात पोराचं बरंच काही असते. म्हणूनच तर मी म्हणतो, ज्याच्या हक्काचं त्यालाच द्या. शेवटची एखादी राखीव जागा, दोन पोरं खरंच सारखे असले तर, दुसऱ्या शाळेच्याला द्या, त्यात कोणाचं नुकसान नाही. त्याच्या वर नका जाऊ.

आता निवडायचं कसं. मधली रेघ आधी भरा : कॅचर (बॅट्समनच्या मागं बसणारा), पिचर, शॉर्टस्टॉप, सेंटर फिल्ड. या जागांवर कच्चा माणूस असला तर बाकीचे कितीही मारणारे असले तरी रन वाहून जातात. कॅचर पाहताना तो किती मारतो ते विसरा, त्याच्यासमोर बॉल मुद्दाम जमिनीवर टाकायला लावा. जो मान फिरवते, डोळे मिटते अन् ग्लोव्ह बाजूनं नेते तो नको, जो दोन्ही गुडघे टेकून छाती आडवी करते अन् बॉल आपल्या पुढ्यात पाडते तो घ्या, मग तो कोणत्याही शाळेचा असो. असे पोट्टे फार नसतात अन् चाचणीत कोणाच्या डोळ्यात भरत नाहीत.

सॉफ्टबॉलचा शॉर्टस्टॉप जसाच्या तसा उचलू नका. तिथं बेसमधलं अंतर ६० फूट, बेसबॉलमध्ये ९०. हात फिरवायला चपळ पोरगा सॉफ्टबॉलमध्ये राजा असते, अन् इथं त्याचा थ्रो फर्स्ट बेसला पोचता पोचता दोन टप्पे खाते. त्याला सेकंड बेसला पाहा, तिथून अंतर कमी. डावखुऱ्याला फर्स्ट बेस, आउटफिल्ड नाहीतर पिचिंग, तेवढ्यातच तोला, शॉर्टस्टॉपला त्याला थ्रोसाठी पूर्ण वळा लागते. ग्लोव्हचं पण पाहा, डावखुऱ्याचा ग्लोव्ह शाळेत बहुतेक नसतोच, पोरगा उलटा ग्लोव्ह घालून बॉल सोडते अन् आपण लिहितो ‘फिल्डिंग कमजोर’.

क्रिकेटवाले पोट्टे दोन गोष्टींवरून ओळखू येतात. बॉल मारला की बॅट हातात धरूनच पळतात, अन् मारल्यावर आधी उभे राहून पाहतात की रन निघते का. क्रिकेटमध्ये पळायचं नाही असं ठरवता येते, इथं फेअर बॉल (रेषांच्या आत मारलेला) लागला की पळावंच लागते, त्या पाहण्यात फर्स्ट बेसला आउट. ही सवय थोड्या दिवसात जाते, त्यावरून पोराला कापू नका. थ्रो मात्र या पोरांचा दणकट असते, बाउंड्रीवरून फेकून फेकून झालेला, आउटफिल्डला त्यांच्याइतके चांगले तुम्हाला मिळणार नाहीत.

मैदानाचं तर तुम्हाला मी काय सांगणार. आपली काळी माती, पाऊस पडला की बुटाच्या तळव्याला किलोभर चिकटते अन् वाळली की भेगा, बॉल कोणत्या भेगेवर आदळून कुठं उडेल त्याचा नेम नाही. अशा मैदानावर ‘किती एरर (फिल्डिंगच्या चुका) केल्या’ हा आकडा घेऊन बसू नका. पोरगा बॉलच्या रेषेत आला का, पाय हलले का, अन् बॉल सुटल्यावर काय केलं ते पाहा. बॉल सुटला की कमरेवर हात ठेवून मातीकडं पाहणारा अन् सुटला तरी धावून उचलून बरोबर बेसला फेकणारा, दोघांच्याही नावावर एररच लागते पण माणसं वेगळी हायत.

अन् एका सकाळच्या चाचणीवर सगळं ठरवू नका सर, त्या दिवशी दोन बॉल बॅटच्या मधोमध लागले की कोणीही हिरो. शाळा स्पर्धांचे स्कोअरशीट मागवा, नसले तर चाचणीतच पोरांच्या टीम पाडून मॅच खेळवा अन् दर जागेसाठी वेगळा कागद ठेवा, त्या कागदावर फक्त त्या जागेचे पोरं, शाळेचं नाव न लिहिता, छातीचे नंबर टाकून. समितीतल्या तिघांनी आपापला क्रम लावायचा अन् मग नावं उघडायची. फोन आला तर हा कागद दाखवायला होते. फोन करणारा त्यावरही भांडेल, पण मग त्याला ‘हा शॉर्टस्टॉप त्या शॉर्टस्टॉपपेक्षा चांगला कसा’ ते सांगा लागेल, अन् ते सांगणारे लोकं कमी असतात.

प्रश्न : दर्यापूर. माझी मुलगी शॉर्टस्टॉप खेळते, खूप मेहनत करते, जिल्ह्याच्या टीममध्ये तिचं नाव आलं नाही. दोन दिवस जेवली नाही. तिला काय सांगू?

उत्तर : ताई, पहिले जेवू घाला, मग मार्गदर्शकांना भेटा अन् एवढंच विचारा की तिच्या जागी जी घेतली ती कशात पुढं होती. उत्तर मिळालं तर तेवढ्यावर मेहनत करता येते, भांडण म्हणून नका विचारू. थ्रो कमी पडला असं म्हटलं तर सेकंड बेस शिकवा, एका मुलीला दोन जागा येत असल्या तर पुढच्या वेळेला राखीवमध्ये तरी तिचं नाव आधी येते.

अन् तिला टिम सॅमनचं सांगा. १९९३ चा अमेरिकन लीगचा रूकी ऑफ द इयर (वर्षाचा सगळ्यात चांगला नवखा), एकाच टीमकडून खेळला, २९९ होमरन मारले अन् आयुष्यात एकदाही ऑल-स्टार झाला नाही. त्याच्या जागेवर दर वर्षी जुलैपर्यंत कोणी ना कोणी पुढं राहायचा, बस.

प्रश्न : आर्वी. म्हाताऱ्या खेळाडूंना जुन्या नावावर ऑल-स्टारमध्ये घेणं बरोबर हाय का?

उत्तर : दाखवायच्या मॅचमध्ये बरोबर हाय, जिल्ह्याच्या टीममध्ये नाही. २००१ मध्ये कॅल रिपकेनचं शेवटचं वर्ष, लोकांनी मतं दिली ती प्रेमापोटी, अ‍ॅलेक्स रॉड्रिग्जनं त्याला आपली शॉर्टस्टॉपची जागा सोडून दिली अन् बुढ्यानं पहिल्याच बॉलला होमरन मारून एमव्हीपी (मॅचमधला सगळ्यात मोलाचा खेळाडू) हा मान नेला. २०२२ मध्ये तर कमिशनरनं आल्बर्ट पुहोल्स अन् मिगेल कब्रेरा या दोघांना वेगळ्या जागा देऊनच घेतलं, म्हणजे कोणाचा हक्क मारला गेला नाही. हे मला आवडलं.

प्रश्न : सिंदेवाही. ऑल-स्टारची मॅच बरोबरीत सुटली तर काय करतात?

उत्तर : २००२ मध्ये मिलवॉकीला ११ इनिंग झाल्या, ७-७, पिचर संपले, मॅच तशीच सोडली अन् लोकं लय चिडले. म्हणून २००३ ते २०१६ या मॅचवर वर्ल्ड सिरीजचं होमफिल्ड लावलं होतं, म्हणजे जिंकणाऱ्या लीगच्या टीमला घरच्या मैदानाचा फायदा, ते अति झालं, नंतर काढलं. आता बरोबरी झाली की दोन्हीकडचे तीन-तीन खेळाडू, प्रत्येकाला तीन स्विंग, होमरन जास्त तो जिंकला. २०२५ ला अटलांटात ६-६ झालं तेव्हा हेच केलं, आपल्याकडं सकाळ होऊन गेली होती अन् डवरणीला जाणारे लोकं मोबाईल खिशात टाकून निघाले होते, त्यांचं बरंच काही हुकलं. काइल श्वार्बरनं तीन स्विंगमध्ये तीन होमरन मारले अन् एमव्हीपी झाला, मूळ मॅचमध्ये त्याचा एकही हिट नव्हता.